मुख्य विषय आणि सर्वसाधारण शिक्षण: मधली जोडणी कोण करणार?

संगणकशास्त्रात पदवी घेणाऱ्या विद्यार्थिनीला समाजशास्त्राचा अभ्यासक्रम का घेतलास असे विचारले, तर ‘घ्यावाच लागतो’ हे उत्तर बहुधा मिळते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तत्त्वज्ञानाबद्दल किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राबद्दल विचारले, तरी उत्तरात फारसा फरक पडत नाही. या उत्तरात आळस किंवा उद्धटपणा शोधण्याचे कारण नाही. पदवीची रचना विद्यार्थ्यांना जशी दिसते, तशीच ते सांगत असतात. एकीकडे पुढची नोकरी किंवा उच्च शिक्षण ज्यावर अवलंबून आहे असा मुख्य विषय असतो आणि दुसरीकडे महाविद्यालयाने घ्यायला लावलेले, लवकरात लवकर उरकून टाकायचे सर्वसाधारण शिक्षणाचे अभ्यासक्रम असतात. या दोन भागांचा परस्परांशी संबंध आहे, असे महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत ठळकपणे लिहिलेले असते. पण तो संबंध नेमका कोणत्या तासाला, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या कामातून जोडला जातो, हे तिथे क्वचितच सापडते.

व्यवहारात ही जोडणी विद्यार्थ्यावर सोपवलेली असते. तसे सोपवण्यात तत्त्वतः काही गैर नाही, कारण दोन विषय शेवटी एकाच डोक्यात एकत्र येतात आणि ते डोके विद्यार्थ्याचेच असते. मात्र एखादे काम कोणावर सोपवायचे तर त्यासाठी वेळ, नेमका प्रश्न आणि केलेले काम वाचणारा कोणीतरी माणूस द्यावा लागतो. आपण काय शिकलो, ते कुठून आले आणि दुसऱ्या विषयात त्याचे काय होते, याचा विद्यार्थ्याने स्वतः केलेला लेखी विचार, म्हणजेच चिंतनलेखन, हे त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे. ते उपयोगी पडते. पण ते ज्या पद्धतीने बहुतेक ठिकाणी दिले जाते, त्या पद्धतीने फारसे उपयोगी पडत नाही.

दोन भाग कसे झाले

सर्वसाधारण शिक्षण आणि मुख्य विषय ही विभागणी अमेरिकेतील महाविद्यालयांत घडत गेली. तिथली चार वर्षांची पदवी साधारणपणे 120 श्रेयांकांची (क्रेडिटची) असते. त्यातील ढोबळमानाने एक तृतीयांश भाग लेखन, गणित, विज्ञान, इतिहास, कला, समाजशास्त्रे अशा सर्वांसाठीच्या अभ्यासक्रमांचा, साधारण तितकाच किंवा त्याहून मोठा भाग मुख्य विषयाचा आणि उरलेला भाग ऐच्छिक विषयांचा, अशी मांडणी आढळते. संस्थेनुसार प्रमाण बदलते, पण सांगाडा ओळखीचा असतो.

या सांगाड्यामागे दीडशे-दोनशे वर्षांची ओढाताण आहे. 1828 मध्ये येल महाविद्यालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात ठरावीक अभिजात अभ्यासक्रमाची बाजू घेतली होती आणि मनाला शिस्त लावणे व मनात ज्ञानाचा साठा करणे ही शिक्षणाची दोन उद्दिष्टे सांगितली होती. चार्ल्स एलियट हे 1869 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत सक्तीचे विषय जवळजवळ काढून टाकून निवडीचे स्वातंत्र्य आणले. त्यांच्यानंतर 1909 मध्ये आलेल्या लॉरेन्स लॉवेल यांना हे स्वातंत्र्य विस्कळीत वाटले, म्हणून त्यांनी एका विषयात खोली आणि इतर विषयांत विस्तार अशी तडजोड रुजवली. पुढे कोलंबिया विद्यापीठाने 1919 मध्ये समकालीन संस्कृतीवरचा सर्वांना सक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला आणि 1945 मध्ये हार्वर्डच्या समितीने मुक्त समाजातील सर्वसाधारण शिक्षणाविषयी अहवाल दिला. या साऱ्या प्रवासात काय शिकवावे आणि किती शिकवावे यावर कडाक्याचे वाद झाले. लॉवेल यांची तडजोड मात्र टिकली आणि तिच्यातला एक प्रश्नही तसाच राहिला: खोली आणि विस्तार हे एकमेकांना कुठे भेटतात?

शिकलेले आपोआप पुढे जात नाही

ते आपोआप भेटतात, हा जुना समज होता. लॅटिन किंवा भूमिती शिकली की मनाला जी शिस्त लागते, ती कोणत्याही कामात उपयोगी पडते, असे येलच्या अहवालाच्या काळात गृहीत धरले जाई. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी 1901 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या समजाला धक्का दिला. एका प्रकारच्या आकृत्यांच्या क्षेत्रफळाचा अंदाज बांधण्याचा भरपूर सराव दिला, तरी थोड्या वेगळ्या आकृत्यांबाबत त्या सरावाचा लाभ अपेक्षेपेक्षा फार कमी होतो, असे त्यांना दिसले. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी वापरता येणे याला शिक्षणशास्त्रात अध्ययन संक्रमण म्हणतात, आणि हे संक्रमण दुर्मीळ असते, हे त्यानंतरच्या संशोधनातही वारंवार पुढे आले.

या संदर्भात मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांचे 1980 आणि 1983 मधील प्रयोग थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहेत, कारण चिंतनलेखनाची गरज त्यांच्याइतकी स्वच्छपणे दुसरे काही दाखवत नाही. त्यांनी वापरलेला प्रश्न मुळात कार्ल डंकर या मानसशास्त्रज्ञाचा होता. एका रुग्णाच्या पोटात गाठ आहे आणि शस्त्रक्रिया करता येत नाही. विशिष्ट किरण तीव्रतेने सोडले तर गाठ नष्ट होते, पण वाटेतील निरोगी भागही जळतो. सौम्यपणे सोडले तर निरोगी भाग वाचतो, पण गाठही तशीच राहते. काय करावे? उत्तर असे की अनेक दिशांनी सौम्य किरण सोडायचे, म्हणजे ते गाठीपाशी एकत्र येऊन तीव्र होतात आणि वाटेत कुठेही इजा करत नाहीत. हा उपाय कोणत्याही मदतीशिवाय फार थोड्यांना सुचतो.

प्रयोगात काही विद्यार्थ्यांना आधी एक गोष्ट वाचायला दिली होती. एका किल्ल्याकडे जाणाऱ्या अनेक वाटांवर सुरुंग पेरलेले असतात. लहान तुकडी सुखरूप जाते, पण मोठे सैन्य गेले तर सुरुंग फुटतात. म्हणून सेनापती सैन्याच्या लहान तुकड्या करतो, त्या वेगवेगळ्या वाटांनी पाठवतो आणि किल्ल्यापाशी सर्वांना एकाच वेळी एकत्र आणतो. गाठीच्या प्रश्नाचे उत्तर या गोष्टीत जसेच्या तसे आहे. तरीही गोष्ट वाचून लगेच गाठीचा प्रश्न सोडवायला बसलेल्यांपैकी बहुसंख्यांना तो दुवा दिसला नाही. मग ‘मघाच्या गोष्टीचा उपयोग होईल’ एवढा इशारा दिला की उत्तर सापडणाऱ्यांचे प्रमाण एकदम वाढत असे.

येथे थांबून विचार करावा. त्या विद्यार्थ्यांकडे माहिती होती, ती ताजी होती, आणि ती वापरण्याइतकी बुद्धीही होती, हे इशाऱ्यानंतर सिद्ध झाले. कमी होती ती मागे वळून पाहण्याच्या निमित्ताची. काही मिनिटांपूर्वी वाचलेल्या गोष्टीची ही कथा असेल, तर पहिल्या वर्षी शिकलेले समाजशास्त्र तिसऱ्या वर्षीच्या प्रोग्रॅमिंगच्या प्रकल्पात स्वतःहून आठवेल, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर ठेवायची?

1983 च्या प्रयोगांतून आणखी एक उपयुक्त गोष्ट समोर आली. दोन वेगवेगळ्या कथा देऊन त्यांच्यात साम्य काय आहे ते लिहायला सांगितले, आणि विद्यार्थ्याला त्यामागचे सामाईक तत्त्व नीट शब्दांत मांडता आले, तर पुढचा नवा प्रश्न सोडवण्याची शक्यता वाढते. अर्थात एकच उदाहरण कितीही बारकाईने अभ्यासले तरी ते त्याच्या तपशिलांत अडकून राहते. दोन उदाहरणे शेजारी ठेवून तुलना केली की तत्त्व तपशिलांपासून सुटे होते. डेव्हिड पर्किन्स आणि गॅव्रिएल सॉलोमन या शिक्षणसंशोधकांनीही 1980 च्या दशकात सरावाने नकळत होणारे संक्रमण आणि जाणीवपूर्वक तत्त्व काढून केलेले संक्रमण असा भेद केला होता. दोन अतिशय वेगळ्या विषयांमधले अंतर पार करायचे असेल, तर दुसरा मार्गच घ्यावा लागतो. चिंतनलेखनाने नेमके हेच काम करायचे असते: मागे वळण्याचा इशारा देणे आणि दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांतले तत्त्व शब्दांत काढायला लावणे.

चिंतन म्हणजे भावना सांगणे नव्हे

शिक्षणातील चिंतनाच्या कल्पनेवर जॉन ड्युई या तत्त्वज्ञाची मोठी छाप आहे. 1910 च्या सुमारास केलेल्या मांडणीत त्यांनी चिंतनशील विचाराची सुरुवात संभ्रमातून होते असे म्हटले होते. काहीतरी अडते, नेहमीचे उत्तर चालत नाही, आणि मग माणूस आपल्या समजुतीचे आधार आणि तिचे परिणाम चिकाटीने तपासू लागतो. म्हणजे ड्युई यांच्या लेखी चिंतन ही पुराव्याकडे नेणारी, शिस्तीची कृती आहे.

वर्गात चिंतनलेखन म्हणून जे मागितले जाते, त्यात ही शिस्त बहुतेक वेळा हरवलेली असते. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात ‘या अभ्यासक्रमातून तुम्ही काय शिकलात, ते एका पानात लिहा’ असे सांगितले जाते. या प्रश्नाला एकच सुरक्षित उत्तर आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ते ठाऊक असते: खूप शिकलो. उदाहरणासाठी संगणकशास्त्राची एक कल्पित विद्यार्थिनी घेऊ. तिने पहिल्या वर्षी समाजशास्त्र घेतले होते आणि आता तिसऱ्या वर्षी ती कर्जाच्या अर्जांची छाननी करणारे संगणकीय प्रारूप (मॉडेल) तयार करत आहे. तिला वरील प्रश्न दिला तर ती साधारण असे लिहील: ‘समाजशास्त्रामुळे माझा दृष्टिकोन व्यापक झाला. तंत्रज्ञानाचा समाजावर परिणाम होतो हे मला समजले. याचा उपयोग मला भविष्यात चांगली अभियंता होण्यासाठी होईल.’ यात खोटे काही नाही. पण हा मजकूर कोणत्याही विद्यार्थ्याने कोणत्याही अभ्यासक्रमाविषयी, आणि खरे तर तो अभ्यासक्रम न करताही, लिहिला असता.

आता प्रश्न बदलू. मुख्य विषयाचे शिक्षक तिला सांगतात की समाजशास्त्रासाठी लिहिलेला तुझा जुना निबंध काढ, त्यातली एक संकल्पना निवड, आणि सध्याच्या प्रकल्पातला असा एक निर्णय दाखव, जो त्या संकल्पनेच्या नजरेतून पाहिल्यावर अडचणीचा वाटू लागतो. मग ती कदाचित असे लिहील: ‘माझ्या विदेत (डेटामध्ये) कुटुंबाचे उत्पन्न असा एक स्तंभ आहे. मी तो एक आकडा म्हणून वापरला आणि रिकाम्या जागी सरासरी भरली. पहिल्या वर्षीच्या निबंधात मी लिहिले होते की कुटुंब कोणाला म्हणायचे हे जनगणनेगणिक बदलते आणि एका घरात राहणाऱ्यांचे पैसे एकत्र असतातच असे नाही. तेव्हा ते मी परीक्षेपुरते लिहिले. आज पाहिले तर ज्या अर्जांत ही जागा रिकामी आहे, ते बहुधा असेच लोक असतील ज्यांना या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर देता येत नाही. म्हणजे सरासरी भरून मी त्रुटी दुरुस्त केली नाही, ती लपवली. ते अर्ज वेगळे काढून तपासावे लागतील. मात्र समाजशास्त्रातली व्याख्येची सगळी गुंतागुंत प्रारूपात आणता येणार नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागेल, आणि ती कुठे ओढली हे मला नोंदवून ठेवता येईल.’

दोन्ही उताऱ्यांतला फरक लेखनकौशल्याचा नाही. दुसऱ्या उताऱ्यात नाव घेता येईल असा निर्णय, हाताशी असलेला जुना निबंध आणि बदलणारे पुढचे काम आहे. शिवाय त्यात दोन विषयांचे न जुळणेही आहे, आणि माझ्या मते तोच त्याचा सर्वांत मौल्यवान भाग ठरतो. समाजशास्त्र गुंतागुंत जपायला सांगते, प्रारूप ती कमी करायला सांगते. या ताणात उभे राहून घेतलेला निर्णय हा खरा एकात्म विचार आहे. ‘दोन्ही विषय एकमेकांना पूरक आहेत’ हे वाक्य मात्र विचार टाळण्याची सोय करून देते.

म्हणूनच चांगला प्रश्न साम्याबरोबर भेदही विचारतो. परिचर्येच्या (नर्सिंगच्या) अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याने इतिहास घेतला असेल, तर त्याला साधनचिकित्सेची ओळख झालेली असते: ही नोंद कोणी केली, केव्हा केली, कोणासाठी केली आणि त्यात काय वगळले असेल. रुग्णाची पूर्वपीठिका विचारताना हेच प्रश्न लागू पडतात, कारण रुग्णही आठवणीतून, भीतीपोटी किंवा संकोचाने काही सांगतो आणि काही गाळतो. इथपर्यंत साम्य आहे. पण इतिहासकार पुराव्यावर शंका घेत अनेक वर्षे थांबू शकतो, परिचारकाला अपुऱ्या माहितीवर काही मिनिटांत कृती करावी लागते. मग शंका किती ठेवायची आणि कुठे सोडायची? हा प्रश्न विद्यार्थ्याने एकदा स्वतः लिहून पाहिला, की आपल्या विषयात पुरावा कशाला म्हणतात हे त्याला बाहेरून दिसते, आणि मुख्य विषयाच्या आतच राहिल्यावर ते सहसा दिसत नाही.

वेळ चुकली तर प्रश्नही वाया जातो

येथे एक साधी व्यावहारिक अडचण आहे. सर्वसाधारण शिक्षणाचे अभ्यासक्रम बहुतांशी पहिल्या दोन वर्षांत होतात आणि मुख्य विषय खऱ्या अर्थाने नंतर सुरू होतो. समाजशास्त्र शिकताना त्या विद्यार्थिनीकडे जोडण्यासाठी प्रकल्प नव्हता. प्रकल्प हाती आला तेव्हा निबंध कुठल्यातरी फोल्डरमध्ये हरवला होता. त्यामुळे पहिल्या वर्षीच ‘हे तुमच्या मुख्य विषयाशी जोडा’ असे सांगणे म्हणजे नसलेल्या टोकाला दोरी बांधायला सांगणे आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे विद्यार्थ्याचे काम जपून ठेवण्याची व्यवस्था करणे. ई-पोर्टफोलिओ, म्हणजे पहिल्या वर्षापासूनचे निबंध, प्रकल्प, आराखडे आणि त्यांवरची टिपणे एका ठिकाणी ठेवणारा डिजिटल संग्रह, याच कारणासाठी उपयोगी ठरतो. अमेरिकेतील महाविद्यालये आणि विद्यापीठांच्या ‘एएसीअँडयू’ या संघटनेने 2008 मध्ये प्रभावी शैक्षणिक पद्धतींची जी यादी पुढे आणली, तिच्यात 2016 मध्ये ई-पोर्टफोलिओची भर पडली. मात्र संग्रह हे साधन आहे. ज्यात कोणी परत डोकावत नाही तो संग्रह अडगळ होतो, आणि अनेक संस्थांमध्ये तो अडगळच आहे. जुने काम उघडायला लावणारा प्रश्न मुख्य विषयाच्या वर्गातून आला तरच त्याला अर्थ येतो.

दुसरा उपाय म्हणजे सर्वसाधारण शिक्षणच चारही वर्षांत पसरवणे. पोर्टलंड स्टेट विद्यापीठाने 1994 पासून हे करून दाखवले आहे. तिथे पहिल्या वर्षी एका विषयसूत्राभोवती वर्षभराचा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम असतो, दुसऱ्या वर्षी त्याच धाटणीचे छोटे अभ्यासक्रम, पुढे परस्परसंबंधित अभ्यासक्रमांचे गट, आणि शेवटच्या वर्षी वेगवेगळ्या मुख्य विषयांचे विद्यार्थी एकत्र येऊन एखाद्या सामाजिक संस्थेसाठी प्रत्यक्ष प्रकल्प करतात. या शेवटच्या टप्प्याची खुबी अशी की लेखापालनाची विद्यार्थिनी आणि जीवशास्त्राचा विद्यार्थी एकाच टेबलावर बसल्यावर आपापल्या विषयाची गृहीतके दुसऱ्याला समजावून सांगावीच लागतात. चिंतनासाठी लागणारा संभ्रम तिथे कृत्रिमपणे निर्माण करावा लागत नाही.

मिलवॉकीतील अल्व्हर्नो महाविद्यालयाने याहून जुना आणि अधिक मूलगामी मार्ग घेतला. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी या महिला महाविद्यालयाने संवाद, विश्लेषण, समस्यानिवारण, मूल्याधारित निर्णय अशा आठ क्षमता ठरवल्या आणि त्या प्रत्येक अभ्यासक्रमात, मग तो सर्वांसाठीचा असो वा मुख्य विषयाचा, शिकवण्याचे आणि तपासण्याचे ठरवले. नेहमीच्या अक्षरश्रेणींऐवजी तपशीलवार अभिप्राय आणि विद्यार्थिनीने केलेले स्वतःचे मूल्यमापन यांना तिथे केंद्रस्थान मिळाले. रसायनशास्त्र आणि साहित्य या दोन्ही वर्गांत एकाच क्षमतेची भाषा वापरली जात असेल, तर विद्यार्थिनीला दुवा शोधण्यासाठी निदान शब्द तरी तयार मिळतात. अशी पूर्ण पुनर्रचना प्रत्येक संस्थेला जमणारी नाही. तरीही एक भाग सहज उचलता येतो: स्वतःच्या कामाचे परीक्षण हे शिकवावे लागणारे कौशल्य आहे, ते पहिल्या वर्षापासून लहान लहान कामांतून शिकवले नाही तर अंतिम वर्षाच्या मोठ्या चिंतननिबंधात अचानक उगवत नाही.

वाचणार कोण आणि गुण कशाला

चिंतनलेखनाला गुण द्यावेत का, हा शिक्षकांमधला जुना वाद आहे. गुण दिले तर विद्यार्थी शिक्षकाला आवडेल ते लिहितात, न दिले तर लिहीतच नाहीत. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. यातून निघणारी वाट अशी की मतांना किंवा प्रामाणिकपणाला गुण द्यायचे नाहीत, कारण प्रामाणिकपणा मोजता येत नाही. गुण द्यायचे ते कामाच्या दिसणाऱ्या अंगांना. जुन्या कामातला नेमका संदर्भ दिला आहे का, संकल्पना बरोबर मांडली आहे का, तुलनेत भेद दाखवला आहे का, आणि पुढच्या कामात काय बदलणार ते सांगितले आहे का, हे कोणताही वाचक तपासू शकतो. ‘एएसीअँडयू’ने 2009 मध्ये शिक्षकांच्या सहभागातून तयार केलेल्या एकात्म अध्ययनाच्या रुब्रिकमध्ये, म्हणजे मूल्यमापनाच्या निकषांच्या तक्त्यात, अनुभवाशी जोडणी, विद्याशाखांशी जोडणी, संक्रमण, एकात्म संप्रेषण आणि चिंतन व आत्ममूल्यमापन असे पाच निकष आहेत आणि प्रत्येकासाठी चार पातळ्यांची वर्णने आहेत. ते जसेच्या तसे गुणपत्रक म्हणून वापरण्यासाठी केलेले नाही, पण शिक्षकांनी आपसात चर्चा करून स्वतःचे निकष घडवायला ते चांगला आरंभबिंदू देते.

याच ठिकाणी खासगीपणाचा मुद्दा येतो आणि तो दुय्यम समजू नये. ‘तुमच्या आयुष्यातील अनुभव जोडा’ असे सांगितल्यावर काही विद्यार्थी आजार, कौटुंबिक संकट किंवा अपमान यांबद्दल लिहितात, कारण चिंतन म्हणजे काहीतरी जिव्हाळ्याचे उघड करणे असा त्यांचा समज झालेला असतो. असे लेखन वाचून त्यावर सात किंवा आठ गुण देणे हे शिक्षकासाठी अवघड आणि विद्यार्थ्यासाठी अन्यायाचे आहे. प्रश्न कामावर, निर्णयावर आणि पुराव्यावर केंद्रित ठेवला की ही अडचण बरीचशी टळते. वैयक्तिक अनुभव आणायचा की नाही, हे विद्यार्थ्याच्या इच्छेवर राहते.

आता मजकूर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे पहिल्या उताऱ्यासारखे गुळगुळीत चिंतन क्षणार्धात तयार होते. त्यामुळे चिंतनलेखन निरर्थक झाले, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला वाटते की या साधनांनी ते प्रश्न आधीपासूनच निरर्थक होते एवढेच उघड केले. स्वतःच्या जुन्या निबंधातील वाक्य, स्वतःच्या प्रारूपातील स्तंभ आणि त्यावर वर्गात दहा मिनिटे तोंडी उत्तर देण्याची तयारी एवढे मागितले, तर यंत्राकडून लिहून घेणे अशक्य होत नाही, पण त्यातून कष्ट फारसे वाचत नाहीत.

खरी अडचण तंत्रज्ञानापेक्षा कामाच्या वाटणीत आहे. अनेक संस्थांत सर्वसाधारण शिक्षणाचे वर्ग तात्पुरत्या नेमणुकीवरील शिक्षक घेतात, मुख्य विषयाचे कायम शिक्षक, आणि दोघांची गाठ पडत नाही. संगणकशास्त्राच्या शिक्षकाला समाजशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात काय शिकवले जाते हे ठाऊक नसेल, तर वर दिलेला प्रश्न तो विचारणारच कसा? विद्यार्थ्यांनी जोडणी करावी म्हणणारे विभाग स्वतः ती करत नाहीत, ही विसंगती विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटत नाही. अभियांत्रिकीच्या अधिस्वीकृतीचे काम करणाऱ्या ‘एबेट’ या अमेरिकन संस्थेने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात संवादकौशल्य, व्यावसायिक नीतीची जाण आणि तांत्रिक उपायांचा समाजावरील परिणाम समजणे यांना पदवीच्या फलितांमध्ये स्थान दिले, तेव्हा ही जबाबदारी मुख्य विषयाच्या विभागावरही येऊन पडली. काही विभागांनी ती गंभीरपणे घेतली, काहींनी कागद भरले.

सुरुवात करण्यासाठी मोठ्या समितीची किंवा नव्या सॉफ्टवेअरची गरज नाही. मुख्य विषयातील तिसऱ्या वर्षाचा एक अभ्यासक्रम निवडावा, त्यातला एकच प्रकल्प घ्यावा, आणि विद्यार्थ्यांनी आधी केलेल्या सर्वसाधारण अभ्यासक्रमांपैकी दोन-तीन अभ्यासक्रमांच्या शिक्षकांना तो प्रकल्प वाचायला द्यावा. तुमच्या विषयातून पाहिल्यावर यात काय खटकते, हे त्यांनी अर्ध्या पानात लिहावे. त्या टिपणांतून प्रश्न तयार होतात. ते प्रकल्प सुरू असताना मध्यावर द्यायचे, म्हणजे उत्तरातून निघालेला बदल करायला वेळ उरतो. विद्यार्थ्याने लिहिलेले दोन पानांहून जास्त नसावे आणि शिक्षकाने त्यावर किमान एक खरा प्रतिप्रश्न विचारावा. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात हे सत्रात एकदाच शक्य होईल. तसे असेल तर एकदाच करावे, पण अर्धवट वाचलेली पाच चिंतने मागवू नयेत. न वाचले जाणारे चिंतन मागितल्याने विद्यार्थी तोंडदेखले लिहायला शिकतात, आणि हेही संक्रमण होते: पुढच्या प्रत्येक अभ्यासक्रमात ते तसेच लिहितात.